प्लँटेड टँकचे छायाचित्रण: नवा कॅमेरा हाती आल्यावर

नवा कॅमेरा घरी आला की तो लवकरच हॉलमधल्या प्लँटेड टँककडे, म्हणजे जिवंत पाणवनस्पती लावलेल्या माशांच्या टँककडे वळतो, आणि मोबाइलवर जे दृश्य बरे येत होते तेच या महागड्या यंत्रात अंधारे, जांभळट आणि काचेवरच्या ट्यूबलाइटसकट आलेले दिसते. मोबाइल बरीच दुरुस्ती आपल्याला न विचारता करून टाकतो. कॅमेरा समोर असेल ते टिपतो आणि बाकीचे निर्णय आपल्यावर सोडतो. अशा वेळी पुष्कळ जण लगेच दुसऱ्या लेन्सच्या किमती पाहू लागतात. माझ्या मते पहिले काही महिने लेन्सवर पैसे घालू नयेत. ते एका भक्कम ट्रायपॉडवर आणि तीन-चार मीटर काळ्या कापडावर घालावेत. टँकचे छायाचित्र बहुतेक वेळा बिघडते ते काचेपाशी आणि पाण्यावरच्या दिव्यापाशी. म्हणून या लेखातला क्रमही तसाच ठेवला आहे: आधी पाणी आणि काच, मग खोलीतला उजेड, त्यानंतर कॅमेऱ्याची जागा, आणि सेटिंग शेवटी.

आकडे हाताशी असावेत म्हणून एक नमुना ठरवून घेऊ. टँक दोन फुटी, म्हणजे ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि ३६ सेंटिमीटर उंच. आत सॉइल (झाडांसाठीची तळाची माती), एक लाकूड, त्यावर बांधलेला अनुबियास, मागे रोटालाची झुडपे, पुढे माँटे कार्लोचा गालिचा आणि निऑन टेट्रा माशांचा थवा. वर एलईडी दिवा. कॅमेरा एपीएस-सी, म्हणजे मध्यम आकाराच्या, सेन्सरचा, मिररलेस किंवा डीएसएलआर, आणि सोबत आलेली १८-५५ किंवा १६-५० मिलिमीटरची किट लेन्स. टँक याहून लहान किंवा मोठा असला तरी पद्धत तीच राहते, फक्त अंतरे बदलतात.

आधीचे दोन आठवडे

छायाचित्राची तयारी कात्रीपासून सुरू होते. रोटाला, लुडविगिया यांसारखी खोडाची झाडे छाटल्यावर काही दिवस बोडकी दिसतात. कापलेल्या खोडांना नवे शेंडे फुटून झुडूप गोलसर भरायला साधारण दोन आठवडे लागतात. त्यामुळे शेवटची छाटणी ठरलेल्या दिवसाच्या दोन आठवडे आधी करावी. अनुबियास किंवा बुसेफलांड्राची पाने सावकाश वाढतात, त्यांना हात लावायचा तो फक्त शेवाळ धरलेली जुनी पाने देठापासून काढून टाकण्यापुरता. गालिच्यात अडकलेली पिवळी पाने चिमट्याने उचलावीत, कारण डोळ्यांना न खुपणारे एक पिवळे पान छायाचित्रात सर्वांत आधी दिसते.

पाणी बदलायचे ते आदल्या दिवशी. त्याच दिवशी बदलले, तर नळाच्या ताज्या पाण्यात विरघळलेली हवा बारीक बुडबुड्यांच्या रूपाने काचेवर आणि पानांवर चिकटते, आणि ते बुडबुडे वनस्पतींनी सोडलेल्या प्राणवायूसारखे सुंदर दिसत नाहीत, पांढऱ्या पुरळासारखे दिसतात. लाकडातून उतरणाऱ्या रंगाने पाणी चहाच्या छटेचे झाले असेल, तर फिल्टरमध्ये आठवडाभर सक्रिय कार्बन ठेवावा. पाण्यात तरंगणारे कण धरण्यासाठी फिल्टरमधला बारीक पांढरा कापूस दोन दिवस आधी बदलावा. समोरून पाहताना पाणी स्वच्छ वाटते, पण कॅमेरा तीस सेंटिमीटर पाण्यातून पाहतो आणि दिव्याच्या झोतात येणारा प्रत्येक कण ठिपक्यासारखा उमटतो. टँकच्या लांबीच्या बाजूने, डावीकडून उजवीकडे साठ सेंटिमीटर पाण्यातून पाहिले, की पाण्याची खरी स्थिती कळते.

आतल्या काचेवरचे हिरवे शेवाळ चुंबकी ब्रशने किंवा जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने खरवडावे. सॉइलच्या रेषेजवळ चुंबक वापरू नये. एखादा खडा मध्ये अडकला तर काचेवर कायमची रेघ ओढली जाते. बाहेरच्या काचेवर, विशेषतः घरी बोअरचे पाणी असेल तर, ओघळ सुकून क्षारांचे पांढरे डाग पडलेले असतात. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून पिळलेल्या कापडाने ते निघतात, मात्र ते पाण्यात टपकू देऊ नये. काच पुसण्याचा फवारा टँकच्या आसपास मारू नये, अगदी गरज पडली तर दुसऱ्या खोलीत कापडावर मारून ते कापड आणावे. शेवटचा हात आरओच्या पाण्याने ओलसर केलेल्या मायक्रोफायबर कापडाचा, आणि त्यानंतर कोरड्या कापडाचा.

खोली काळी करणे

टँकची पुढची काच हा एक आरसा आहे, हे एकदा लक्षात घेतले की पुढची कामे आपोआप सुचतात. समोरची बाल्कनी, भिंतीवरचे घड्याळ, टीव्हीचा लाल ठिपका, फिरता पंखा, कॅमेऱ्यावरचे कंपनीचे पांढरे नाव आणि छायाचित्रकाराचा फिका सदरा हे सगळे त्या काचेत असते. डोळा त्याकडे दुर्लक्ष करतो. सेन्सर करत नाही.

उपाय सोपा आहे. काम सूर्यास्तानंतर करावे, खोलीतले सर्व दिवे बंद करावेत, पडदे ओढावेत आणि फक्त टँकचा दिवा चालू ठेवावा. अंगात काळे किंवा गडद निळे कपडे असावेत. टँकच्या दिव्याचाच उजेड पुढे सांडून कॅमेऱ्यावर आणि आपल्या तोंडावर पडतो व तिथून काचेत परततो. तो अडवण्यासाठी दिव्याच्या पुढच्या कडेला काळ्या कार्डपेपरची चार बोटे रुंद पट्टी चिकटवावी. तरीही प्रतिबिंब राहिलेच, तर काळ्या कापडाला लेन्सच्या व्यासाचे भोक पाडून ते कापड कॅमेऱ्यापुढे दोन खुर्च्यांच्या आधाराने ताणावे. भोकातून फक्त लेन्स डोकावली की काचेत दिसायला काही उरत नाही.

इथे एक खर्च वाचवता येतो. प्रतिबिंब जावे म्हणून पोलरायझर फिल्टर घेण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो. हा फिल्टर काचेवरची चमक सर्वांत चांगली कापतो ती काचेकडे खूप तिरके, म्हणजे काचेला काटकोनात असलेल्या रेषेपासून सुमारे ५५ अंशांवरून पाहिल्यावर. टँकचे छायाचित्र मात्र काचेच्या अगदी समोरूनच घ्यायचे असते, आणि समोरून येणाऱ्या प्रतिबिंबावर पोलरायझरचा जवळजवळ काहीही परिणाम होत नाही. उलट तो निम्म्याहून अधिक प्रकाश खातो. घरातल्या टँकसाठी तो कामाचा नाही.

कॅमेरा कुठे उभा करायचा

समोरूनच का, याचे उत्तर पाण्यात आहे. पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३३ आहे, त्यामुळे पाण्यातून काचेबाहेर येताना तिरका किरण वाकतो, आणि निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा किंचित अधिक वाकतो. काचेकडे तिरके पाहिले, की पानांच्या कडांना जांभळ्या-निळ्या रेघा येतात, मासा फाकल्यासारखा होतो आणि कितीही महाग लेन्स असली तरी चित्र मऊ पडते. लेन्सचा अक्ष काचेला काटकोनात असेल तर हा दोष चौकटीच्या मध्यात जवळजवळ नाहीसा होतो आणि कडांकडे थोडासा उरतो. कॅमेरा जितका मागे जाईल तितके कडांचे किरणही सरळ होत जातात.

म्हणूनच पूर्ण टँकच्या चित्रासाठी झूम १८ वर ठेवून जवळ जाणे हा सर्वांत वाईट पर्याय ठरतो. फ्रेममध्ये दोन्ही बाजूंना थोडी जागा सोडून सुमारे ७५ सेंटिमीटर रुंदी घ्यायची, तर एपीएस-सी कॅमेऱ्यावर १८ मिलिमीटरला अंतर येते जेमतेम ५५ ते ६० सेंटिमीटर. तिथून बाजूच्या काचांची आतली बाजू दिसते, त्यांत झाडांची उलटी प्रतिबिंबे दिसतात, आणि टँक पुढे फुगल्यासारखा वाटतो. तेच चित्र ५० मिलिमीटरला घेतले तर अंतर होते सुमारे १६० सेंटिमीटर, आणि बाजूच्या काचा रेषेइतक्या बारीक होतात. सोफा सरकवावा लागला तर सरकवावा. चार फुटी टँकला हेच अंतर जवळजवळ दुप्पट लागते, आणि आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये ते मिळत नसेल तर ३५ मिलिमीटरपर्यंत खाली यावे, त्याहून खाली शक्यतो नको.

उंचीबद्दल मतभेद आहेत. सर्वसाधारण नियम असा, की लेन्सचा मध्य पाण्याच्या मध्यरेषेवर असावा. मी तो थोडा खाली, म्हणजे टँकच्या उंचीच्या तळाकडून सुमारे चाळीस टक्क्यांवर ठेवतो; त्यामुळे मागची रोटाला उंच वाटते आणि गालिचा पसरट न दिसता दूर जाणारा दिसतो. फार खाली गेलो तर पाण्याच्या पृष्ठभागाची आतली बाजू आरशासारखी चमकते आणि वरच्या निम्म्या चित्रात सगळी बाग उलटी दिसते. सतरंजीवर बसून हळूहळू ट्रायपॉडची उंची बदलत ही जागा शोधावी. ती सापडली की कॅमेऱ्यातली क्षितिजरेषा चालू करून टँकची खालची कड फ्रेमच्या कडेशी तंतोतंत समांतर आणावी. डावी-उजवी उंची सारखी आणि दोन्ही बाजूंची उरलेली जागा सारखी आली, की कॅमेरा खरोखर समोर आहे असे समजावे.

पाण्यामुळे आणखी एक गोष्ट घडते: आतली खोली प्रत्यक्षाच्या सुमारे पाऊण भासते. तीस सेंटिमीटर रुंदीचा टँक समोरून साडेबावीस सेंटिमीटरचा वाटतो. मांडणी करणारे सॉइलचा उतार पुढे तीन-चार आणि मागे दहा-बारा सेंटिमीटर असा चढवतात त्यामागे हेही एक कारण आहे. छायाचित्रासाठी याचा फायदा असा, की सगळी बाग फोकसमध्ये आणणे सोपे जाते.

समोरून, एका चौकटीत, संपूर्ण मांडणी दाखवण्याची ही रीत रूढ होण्यात जपानच्या निगाता इथल्या ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांचा मोठा वाटा आहे. त्यांनी १९८२ मध्ये अ‍ॅक्वा डिझाइन अमानो ही संस्था स्थापन केली आणि आपल्या टँकची छायाचित्रे ते मोठ्या फिल्मपत्राच्या कॅमेऱ्यांवर घेत. त्यांच्या संस्थेने २००१ पासून चालवलेल्या जलवनस्पती मांडणीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत परीक्षक पाहतात ते टँक नव्हे, छायाचित्र. स्पर्धेत उतरायचे नसले तरी त्या प्रवेशिकांमध्ये दिसणारी शिस्त शिकण्यासारखी आहे: फिल्टरचे पाइप, हीटर, सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) बारीक बुडबुडे सोडणारा डिफ्यूझर, थर्मामीटर, यांपैकी काहीही फ्रेममध्ये नसते.

उजेड, शटर आणि काळ्या पट्ट्या

कॅमेऱ्याची चकती एम (मॅन्युअल) वर आणावी. स्वयंचलित मापन टँकपुढे हमखास चुकते, कारण पाठीमागे काळा कागद असेल तर कॅमेरा दृश्य अंधारे समजून माशांचे रंग जाळतो, आणि पांढरा कागद असेल तर सगळी झाडे काळपट करतो. सुरुवात एफ/८ (लेन्सच्या छिद्राचा आकडा; आकडा मोठा तितके छिद्र लहान), शटर १/१०० (सेकंदाचा शंभरावा भाग) आणि आयएसओ ८०० (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) पासून करावी. एफ/८ का, तर ५० मिलिमीटर आणि १६० सेंटिमीटर अंतरावर त्यात एक फुटाच्या आसपास खोली स्पष्ट येते आणि आपल्या टँकची भासमान खोली त्याहून कमी आहे. एफ/४ वर ती निम्मी होऊन मागची झुडपे धूसर होतात. एफ/१६ च्या पुढे जाऊ नये, कारण तिथे प्रकाशाच्या विवर्तनाने सगळेच थोडे मऊ पडते.

चित्र अंधारे आले तर आधी आयएसओ वाढवावा. आजच्या सेन्सरवर १६०० चा दाणा, म्हणजे चित्रातला खरखरीतपणा, त्रासदायक नसतो, ३२०० सुद्धा चालतो. उजळपणा स्क्रीनकडे पाहून ठरवू नये. काळोख्या खोलीत स्क्रीन नेहमीच जास्त उजळ वाटते. हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे अंधार आणि उजवीकडे उजेड दाखवणारा कॅमेऱ्यातला आलेख, पाहावा. त्याचा डोंगर उजव्या भिंतीला टेकला असेल तर सर्वांत वरची, दिव्याजवळची पाने आणि पांढरी वाळू जळाली आहेत असे समजून आयएसओ एक टप्पा खाली आणावा. टँकमध्ये वर आणि खाली उजेडाचा फरक मोठा असतो, म्हणून वरचे तपशील वाचवावेत आणि खालच्या सावल्या नंतर संगणकावर उचलाव्यात.

काही वेळा चित्रावर आडव्या काळ्या पट्ट्या येतात, आणि कॅमेरा सदोष आहे अशी शंका घेऊन तो दुकानात परत नेला जातो. दोष दिव्याचा असतो. आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने साध्या ड्रायव्हरचा (दिव्याला वीज पुरवणाऱ्या भागाचा) एलईडी सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतो. शटर १/१०० किंवा १/५० ठेवले, की प्रत्येक ओळीला पूर्ण आवर्तने मिळतात आणि पट्ट्या जातात. अ‍ॅपवरून उजेड कमी-जास्त करता येणारे दिवे बहुधा फार वेगाने उघडझाप करून उजेड कमी करतात. असा दिवा छायाचित्रापुरता शंभर टक्क्यांवर न्यावा, म्हणजे उघडझाप थांबते. त्याबरोबर इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून यांत्रिक शटर निवडावे, कारण पहिले सेन्सर ओळीओळीने सावकाश वाचते आणि पट्ट्या अधिक ठळक करते. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकरचा पर्याय असेल तर तोही चालू करावा.

रंग

लाल, हिरवे आणि निळे असे वेगवेगळे एलईडी असलेले दिवे झाडांना खुलवतात, पण कॅमेऱ्याच्या ऑटो व्हाइट बॅलन्सला, म्हणजे उजेडाच्या रंगानुसार पांढरा रंग आपोआप ठरवण्याच्या सोयीला, गोंधळात पाडतात. एका चित्रात रोटाला गुलाबी आणि पुढच्याच चित्रात विटकरी येते. व्हाइट बॅलन्स स्वतः ठरवणे हाच उपाय. साध्या पांढऱ्या एलईडीसाठी ६५०० केल्व्हिन ही ठीक सुरुवात आहे. अधिक नेमकेपणा हवा असेल तर छायाचित्रकारांचे राखाडी कार्ड, किंवा ते नसेल तर रंगछटा नसलेली स्वच्छ पांढरी प्लास्टिकची थाळी, टँकच्या मध्यावर पाण्यात उभी धरावी आणि कॅमेऱ्याच्या कस्टम व्हाइट बॅलन्समध्ये तिचे चित्र नोंदवावे. ती पाण्याबाहेर धरून उपयोग नाही: पाणी आणि समोरची काच मिळून जो हिरवा झाक देतात तो त्यात येत नाही. साध्या काचेत लोहाचा अंश असतो आणि जाड काचेत तो हिरवेपणा स्पष्ट दिसतो. कमी लोहाच्या काचेचे टँक म्हणूनच महाग असतात.

फाइल रॉ, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीच्या, स्वरूपात साठवावी. जेपेगमध्ये रंग एकदा ठरला की मागे फिरायला फार वाव राहत नाही, रॉमध्ये तो नंतर सावकाश बसवता येतो. कार्ड भरते, हे खरे. मोठे कार्ड घ्यावे.

पहिले पूर्ण चित्र

वेळ निवडावी ती दिवा लागून चार-पाच तास झाल्यानंतरची. तोपर्यंत सीओटू मिळणाऱ्या टँकमध्ये पाणी प्राणवायूने संपृक्त होते आणि पानांच्या टोकांवर मोत्यांसारखे बुडबुडे धरू लागतात. रोटाला आणि माँटे कार्लो यांवर ते चटकन दिसतात. चित्र रात्री आठला घ्यायचे असेल, तर दोन दिवस आधीपासून टायमर असा लावावा, की दिवा दुपारी साडेतीनच्या सुमारास लागेल.

डिफ्यूझरमधून निघणारी सीओटूची धूसर फुंकर चित्रात धुक्यासारखी येते, म्हणून तो अर्धा तास आधी बंद करावा. मग पुढील गोष्टी शांतपणे, एकामागून एक कराव्यात. ट्रायपॉड मात्र आदल्या दिवशीच टँकसमोर उभा करून ठेवलेला असावा, म्हणजे मासे त्या आकाराला सरावतात. हीटर आणि फिल्टर यांचे प्लग आधी काढावेत आणि मगच पाण्यात हात घालून पाइप बाहेर घ्यावेत. हीटर काढण्यापूर्वी तो दहा मिनिटे थंड होऊ द्यावा, कारण पाण्याबाहेर गरम हीटरची काच तडकते. मोबाइलवर पंधरा मिनिटांचा गजर लावावा, तो फिल्टर पुन्हा सुरू करण्यासाठी. चित्रे पाहण्याच्या नादात फिल्टर रात्रभर बंद राहिला, तर त्यातले उपयुक्त जिवाणू गुदमरतात.

पाणी स्थिर झाले, की फोकस मॅन्युअल करावा. स्क्रीनवर चित्र मोठे करून टँकच्या खोलीच्या पुढून एक तृतीयांश अंतरावरच्या एखाद्या ठळक वस्तूवर, उदाहरणार्थ लाकडाच्या पुढच्या फांदीवर, फोकस बसवावा आणि पुन्हा रिंगला हात लावू नये. ट्रायपॉडवर असताना स्थिरीकरण बंद करणे बरे. दोन सेकंदांचा सेल्फ-टायमर किंवा मोबाइलच्या अ‍ॅपवरून शटर दाबावे. प्रवाह थांबल्यावर निऑन टेट्रा विखुरतात. मासे फ्रेमच्या एका तृतीयांशात, एकाच दिशेला तोंड करून येईपर्यंत वाट पाहावी आणि आले की सलग आठ-दहा चित्रे घ्यावीत. १/१०० ला सावकाश पोहणारे टेट्रा पुरेसे स्पष्ट येतात. डेनिसन बार्बसारखे केरळच्या वाहत्या नद्यांतले वेगवान मासे येत नाहीत; त्यांना १/२५० लागतो, आणि दोन फुटी टँक तर त्यांना मुळातच पुरत नाही.

एकेका माशाचे चित्र

इथे कॅमेरा टँकजवळ येतो आणि बरेच नियम बदलतात. किट लेन्स ५० किंवा ५५ वर ठेवून ती जितक्या जवळून फोकस घेते तितके जवळ जावे. लेन्सच्या तोंडावर रबरी हूड लावून तो थेट काचेला टेकवला, तर प्रतिबिंबाचा प्रश्नच उरत नाही, मात्र मासा तेवढ्या किमान अंतराच्या पलीकडे असला पाहिजे. चेरी श्रिंप किंवा टेट्राचा डोळा फ्रेमभर हवा असेल तेव्हा ९० ते १०५ मिलिमीटरच्या मॅक्रो लेन्सचा विचार करावा. तोवर किट लेन्समागे लावायची एक्स्टेन्शन ट्यूब स्वस्तात काम भागवते. जवळ गेल्यावर स्पष्ट खोली झपाट्याने घटते. सेन्सरवर प्रतिमा प्रत्यक्षाच्या निम्म्या आकाराची येत असेल, तर एफ/८ वरही जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचा थर स्पष्ट असतो. त्यामुळे मासा काचेला समांतर, पूर्ण कुशीवरून दिसेल तेव्हाच शटर दाबावे, नाहीतर डोळा स्पष्ट आणि शेपटी गायब असे होते. एकच गोष्ट साधायची असेल तर ती डोळा. बाकी मासा थोडा धूसर असला तरी चालतो.

माशाच्या मागे कॅमेरा फिरवत बसू नये. टँकमधली एखादी मोकळी जागा, जिथून मासे वारंवार जातात आणि मागे गडद झाडी आहे, निवडून तिथल्या एका पानावर फोकस बांधून ठेवावा आणि मासा तिथे येण्याची वाट पाहावी. या वेळी फिल्टर चालू राहू द्यावा, कारण बरेच मासे प्रवाहाकडे तोंड करून एका जागी तरंगतात. थोडे खाद्य त्या जागेवर टाकले तर काम लवकर होते, पण कण पाण्यात विखुरतात. खाद्य देण्यापूर्वीची दहा मिनिटे अधिक उपयोगी असतात: मासे पुढच्या काचेपाशी जमतात, पंख उघडे असतात आणि पाणी स्वच्छ असते. फायटर माशाचे पंख पूर्ण उघडावेत म्हणून समोर आरसा धरतात. दोन-तीन मिनिटांपुरते ठीक, त्याहून अधिक वेळ तो मासा विनाकारण दमतो.

निऑन टेट्राच्या निळ्या पट्ट्याबद्दल एक बारकावा सांगण्यासारखा आहे. तो निळा रंग रंगद्रव्याचा नाही. त्वचेतल्या अतिसूक्ष्म स्फटिकांच्या थरांवरून परावर्तित झालेल्या प्रकाशाचा आहे, आणि म्हणून दिव्याचा कोन बदलला की तो निळ्यापासून हिरवट निळ्यापर्यंत सरकतो. दिवा टँकच्या मागच्या कडेवर असेल तर पट्टा मंद दिसतो. तोच दिवा पुढच्या काचेकडे चार-पाच सेंटिमीटर सरकवला की पेटतो. मासा पकडून आणल्यासारखा फिकट दिसत असेल तर त्या दिवशी थांबावे. घाबरलेल्या किंवा नुकत्याच उजेडात आलेल्या माशाचा रंग कोणत्याही सेटिंगने परत येत नाही.

फ्लॅश वापरायचा असल्यास

कॅमेऱ्यावरचा उघडणारा छोटा फ्लॅश वापरू नये. तो समोरच्या काचेवर पांढरा गोळा उमटवतो आणि माशाला चपटे करतो. फ्लॅश कॅमेऱ्यापासून वेगळा करून, बिनतारी ट्रिगरने, टँकच्या वरून खाली मारायचा असतो, म्हणजे प्रकाश जिथून नेहमी येतो तिथूनच येतो. टँकवर स्वच्छ काचेचे झाकण ठेवून त्यावर पांढरा ट्रेसिंग पेपर अंथरावा आणि फ्लॅश स्टँडवर घट्ट बसवून, तोंड खाली करून, पुढच्या काचेच्या थोडा मागे धरावा. झाकणाशिवाय, हातात धरून किंवा दोरीने बांधून तो पाण्यावर टांगू नये. वीज आणि पाणी यांच्या बाबतीत तात्पुरती सोय नको.

सेटिंग मॅन्युअल: शटर १/१६० किंवा १/२००, एफ/८ ते एफ/११, आयएसओ ४००, फ्लॅश पाव शक्तीवर. उजेड कमी-जास्त करायचा तो फ्लॅशच्या शक्तीने. त्या लखलखाटाचा काळ सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, त्यामुळे वेगवान मासाही गोठल्यासारखा स्पष्ट येतो आणि दिव्याच्या पट्ट्यांचा प्रश्न संपतो. टँकचा नेहमीचा दिवा चालूच ठेवावा. अंधारात झोपलेल्या माशांवर फ्लॅश मारू नये, ते दचकून काचेवर आपटतात. पहिल्या दोन-तीन लखलखाटांना मासे लपले, तर फ्लॅश बाजूला ठेवून दिव्याच्या उजेडात काम करावे.

संगणकावर

रॉ फाइल उघडण्यासाठी कॅमेऱ्याच्या कंपनीचे मोफत सॉफ्टवेअर किंवा डार्कटेबल पुरेसे आहे. आधी फ्रेम सरळ करून कापावी, लेन्सची दुरुस्ती लावावी आणि व्हाइट बॅलन्स बसवावा. नंतर वरचा उजेड थोडा खाली ओढून सावल्या थोड्या उचलाव्यात, आणि काळ्या रंगाचा बिंदू किंचित खाली न्यावा, म्हणजे पाण्यातून आलेला दुधी पडदा जातो. धूसरपणा काढणारी पट्टी अगदी थोडी सरकवावी. रंगांची तीव्रता वाढवण्याचा मोह इथे सर्वांत जास्त होतो. ती वाढवण्याऐवजी टँक शेजारी ठेवून ताडून पाहावे: पडद्यावरची रोटाला प्रत्यक्षापेक्षा लाल दिसत असेल तर मागे यावे. पाण्यातले दोन-चार तरंगते कण पुसायला हरकत नाही. शेवाळ पुसू नये, ते पुढच्या वेळी टँकमध्येच काढावे.

इतरांना पाठवायची प्रत एसआरजीबी या पडद्यांच्या प्रमाण रंगपद्धतीत, लांब बाजू २००० पिक्सेल ठेवून जेपेगमध्ये काढावी, आणि मूळ रॉ फाइल तारखेच्या नावाने वेगळी ठेवावी. ट्रायपॉडचे पाय जिथे टेकले होते तिथे फरशीवर चिकटपट्टीचे तुकडे लावून घ्यावेत, आणि लेन्सचा आकडा, उंची व सेटिंग एका वहीत टिपून ठेवावे. पुढच्या छाटणीनंतर त्याच जागेवरून चित्र घेतले, तर कोणते झुडूप किती वाढले आणि कोणत्या कोपऱ्यात उजेड पोहोचत नाही, हे दोन चित्रे शेजारी ठेवून लगेच कळते.